बसलेला बैल

परभणीला एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता, अन् मी तिथं शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, पोरांपेक्षा एक धडा पुढं असायची, एवढंच. उरलेल्या वेळात मी तिथं एक गेम लिहिला. लोकांच्या गेममधी गोळ्या सुटतात, मोटारी पळतात. माझ्या गेममधी एक बैल होता. तो वाटेत बसायचा. बस्स, झाला गेम.

बैल तरी कसला, चौकोनाला चौकोन जोडलेला, वर दोन शिंगं अन् मागं शेपूट. त्याला उठवायचं. पण कुठलंही बटण दाबलं की तो आणखीच फतकल मारायचा. बराच वेळ कुणी हात लावला न्हाई, तरच आपल्या मर्जीनं उठायचा. ही गोम मी कुणाला सांगितली नव्हती. पोरं बटणं बडवून बडवून थकायची अन् म्हणायची, "मॅडम, हे हँग झालंय."

हँग कशाचं डोंबलाचं! तो पेडगावचा आमचा बैल होता. तांबडा, देखणा, अन् आळशी नंबर एक. भर रस्त्यात गाडीसकट बसायचा. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जन्मात त्याच्यावर चाबूक उगारला न्हाई. ते खाली उतरायचे, चंची सोडायचे, अन् तंबाखू मळत त्याला शिव्या घालायचे. इतक्या लाडाच्या शिव्या आम्हा लेकरांच्या वाट्यालाबी कधी आल्या न्हाईत. त्याचं नावच मुडद्या पडलं होतं.

म्हातारा होऊन मुडद्या गेला, अन् आबांच्या शिव्या बंद झाल्या. कुणालाच न्हाई. भाजी खारट झाली तरी गुमान जेवायचे. आई म्हणायची, "शांत झाले, बरं झालं," अन् पदरानं डोळे पुसायची. मला ती शांतता सोसेना. आबांच्या तोंडून एक, फक्त एक सणसणीत शिवी ऐकावी, एवढंच मनात होतं. गेम त्यासाठीच तर लिहिला होता. पण बघायला या, असं म्हणायची हिंमत होत नव्हती.

एक दिवस आबा बियाणं घ्यायला शहरात आले अन् विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमधी अडकले. एसटी बंद, खालच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. आले माडी चढून. क्लासला गल्लीतली दोन पोरं तेवढी होती. मी म्हटलं, "आबा, बसा इथं," अन् बैल लावला.

आबा बघत राहिले. पोरांनी सवयीनं बटणं बडवायला सुरुवात केली.

"आरं, कामून टोचायलाव त्याला?" आबा म्हणाले. "बसू द्या की."

पोरांनी हात काढले. आबांनी चंची सोडली, तंबाखू मळायला घेतली. मी जिवाचा कान केला. पण शिवी काही येईना. आबांची नजर पडद्यावर. शेवटी बैलानं शेपूट हलवलं. मागचे पाय उचलले. अन् लाइट गेली.

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. मेली ही लाइट, तिला हीच वेळ सापडली!

"आरं, उठायला व्हता की!" आबा खुर्चीतून ओरडले. "मुडद्या, आत्ताच सुचलं व्हय रं तुला? तंगड्यांत वारं शिरलं का? कडबा गिळायला पयला, अन् उठ म्हटलं की जीव जातो! हरामखोरा, सांगून तरी जायचं!"

काळ्या काचेला ते शिव्या घालत होते, अन् पोरं पोट धरून हसत होती. मीबी हसले. मग आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. तंबाखूचा ठसका लागला म्हणाले. लागला असेल बाई.

"माय, लाइट आल्यावर उठंल का तो?"

"न्हाई आबा. पयल्यापासून लावावं लागतं. पुन्हा बसलेलाच येतो."

आबांनी परत चंची सोडली.

"येऊ दे," ते म्हणाले. "मला तरी कुठं जायचंय? एसटी बंद हाय."