सोन्याचे कण आणि सुधाकरचे डोळे

दुर्ग स्टेशनवर गाडी हलली तेव्हा धाकटा भाऊ सुधाकर खिडकीचा गज धरून चालत होता. चाळिशीतच त्याची नजर चालली होती; समोरचं थोडं दिसायचं, बाजूचं नाही. "दादा, तुह्या मशीनवर पयला नंबर माहा!" तो हसला. "गज सोड, येड्या, अन् जय भीम म्हन त्याले," आई ओरडली.

पन्नाशी उलटल्यावर मी भिलाईतली कॉलेजची नोकरी सोडून पुण्याच्या प्रयोगशाळेत निघालो होतो. तिथं गेलेली नजर परत यावी म्हणून आम्ही सोन्याचे अतिसूक्ष्म कण चेतापेशींना चिकटवायचो. प्रकाश पडला की कण किंचित तापतात आणि पेशी संदेश सोडते. तिच्या जनुकांना हात लावावा लागत नाही. पडद्यावर पहिल्यांदा त्या संदेशाची रेघ उसळली, तसा मी घरी फोन लावला. "आई, आता सुधाकरचं काम होते. फार दिवस नाही."

पेशी उंदराच्या होत्या, काचेच्या बशीतल्या. पुढच्याच आठवड्यात त्या उष्णतेनं मरू लागल्या. ते मी कळवलं नाही.

तोवर आई भिलाईच्या सेक्टर १० मधल्या जुन्या शेजाऱ्यांना पेढे देऊन आली होती. तुम्हा शेजाऱ्यांनीच ते खाल्ले, म्हणून तुम्हालाही हे सांगतो आहे. अंधांना काठीनं चालायला शिकवणारे एक गुरुजी घरी आले, त्यांना तिनं दारातूनच परत पाठवलं. "काठी कावून? माह्या पोराचे डोळे येऊन राहिले." हे तिनं मला फोनवर कौतुकानं सांगितलं. मी हसलो. दर सुटीत "चालू आहे" म्हणत राहिलो. आई गेली. सुधाकरची उरलेली नजरही गेली, आणि तो घरातच बसला.

यंदा त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

"आईले सांगतलं होतं?"

"नाही."

"मंग ते खुशीत गेली." तो माझ्या आवाजाकडं वळला. "अन् मी? मी इतके वर्ष कायची वाट पाहून राहिलो, दादा?"



सेक्टर १० सोडून बाहेर गेलेल्या शेजाऱ्यांनो, पुण्याचा फ्लॅट मी सोडला आहे. दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या सुधाकरच्या या दोन खोल्या हेच आता माझं घर. इथं माझा शब्द कुणी खरा धरत नाही. काल दाराशी मी म्हणालो, "पुढं पायरी आहे." सुधाकर थांबला, त्यानं पायानं चाचपून पाहिलं, आणि मगच उतरला.