भाकरचोरांचे आबा

आबांना त्यांच्या घराच्या नावानं हाक मारायची गावात कोणाची छाती नव्हती. पोरं तेवढी लांबून ओरडून पळायची. म्हाताऱ्याची शिवी आधी यायची, काठी मागून. मी पनवेलला टपाल वाटते. ते गाव माझ्या वाटणीला आलं तेव्हा पहिल्याच दिवशी दुकानदारानं बजावलं, "बाई, काय पन बोला, आबांना भाकरचोर बोलू नका."

आता घराचं नाव म्हणजे काय, ते सांगते. सगळं गाव पाटील. त्यात गणेश पाटील सात! पाकिटावर तेवढंच लिहिलेलं, मग मी काय कपाळ बडवून घेऊ? म्हणून गावानं घराघराला नावं पाडलेली. खाऱ्या विहिरीवाले, उंबराखालचे, फुटक्या पायरीवाले. कोणाचं नाव कशावरून पडलं हे आबांना तोंडपाठ. मी त्यांच्या पायरीवर टेकायचे, थैली उघडायचे.

"पत्रिका कुठून आली?"

"महाडहून."

"मंग खाऱ्या विहिरीवाल्यांचा गणेश. त्याची सून तिकडची हाय."

कधी चुकले नाहीत. वर मलाच ऐकवायचे, "बाय, आडनाव सरकारच्या कागदाला. मानूस घराच्या नावानं सापडतो."

साऱ्या गावाच्या नावांच्या गोष्टी सांगणारा हा माणूस स्वतःवर आली की गप्प. एका दुपारी मात्र आपणहून बोलले. त्यांचे पणजोबा मिठागरावर कामाला होते. घरी पोरं उपाशी. त्यांनी मुकादमाच्या फडक्यातली भाकर उचलली आणि सापडले. "येक भाकर, बाय! ती पन त्यानं खाल्ली नाय, पोरांना दिली. आनि आमी चार पिढ्या चोर." मला फार वाईट वाटलं, पण मी बावळट. म्हणाले, "जाऊ द्या आबा, लोक विसरतील."

लोक विसरले. गावच विमानतळात गेलं. कोणी उलव्याला, कोणी करंजाड्याला. आबा खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर, एकटे. मुलगा पुण्याला. पुढे माझी वाटणीही तिकडेच आली. दारावर नवी पितळी पाटी, पाटील. त्या इमारतीत आणखी चार पाटील, एक जळगावचे, एक सांगलीचे, कोणाचं कोणाशी काही नाही. वॉचमन आबांना 'पाटील अंकल' म्हणायचा. चिडवायला कोणी नाही, भांडायला कोणी नाही. मला म्हणाले, "बाय, दोन दिस झाले, माझा आवाज मलाच ऐकू आला नाय."

एकदा रजिस्टर पत्रावर सही करता करता थांबले.

"येक काम कर. खाली जा, जिन्यातनं हाक मार."

"कसली हाक?"

"ती." मान खाली. "आता ती मारनारा कोनी ऱ्हायला नाय."

"अहो, काहीतरीच काय आबा!" असं म्हटलं खरं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. दोन जिने उतरले, इकडेतिकडे पाहिलं आणि ओरडले, "ओ भाकरचोर!"

वरून अशी सणसणीत शिवी आली की जळगावच्या पाटलांनी दार उघडलं. काठी आपटली. मग खो खो हसण्याचा आवाज, मग काहीच नाही. घाबरून वर गेले तर आबा दारात उभे, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते. "पुन्ना मारशील ना?" म्हणाले.

तेव्हापासून पत्र असो नसो, आमचा रामराम हाच. मी जिन्यातून ओरडायचे, वरून शिवी यायची, मी पुढच्या इमारतीला लागायचे. कामाच्या घाईत कधीकधी वर जाणं व्हायचं नाही. ते आता सलतं.

मागच्या महिन्यात मी पंधरा दिवस रजेवर होते. परत आले त्या दिवशी नेहमीसारखी हाक मारली. शिवी आली नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि कठड्यावरून एक तरुण मुलगा वाकला. पुण्याचा नातू. फोटोत पाहिलेला, पण आता डोक्यावरचे केस उतरवलेले. काय झालं ते मला कोणी सांगायची गरज उरली नाही.

"ओ बाई," तो रागानं म्हणाला, "चोर कोणाला म्हणता?"

थैली खांद्यावरून उतरवली. जिना चढून वर गेले.

"तुझ्या घराला, बाळा," मी म्हणाले. "बस इथं पायरीवर. सांगते."