एवढी हळद होऊ दे

माझ्या नवऱ्याच्या गालाला आतून पांढरा चट्टा पडला होता आणि तो काही केल्या बरा होत नव्हता. डॉक्टरचा विषय काढला की यांचं उत्तर ठरलेलं, एवढी चुलतभावाकडची हळद होऊ दे. ती झाली की मेहुण्याकडची. पनवेलच्या आसपासच्या आमच्या गावांत लग्नाला कोणी आलं नाही तरी चालतं, पण हळदीच्या मटणाला अख्खा गाव लागतो. आणि त्या मटणाचं मीठ-तिखट चाखून ‘उतरवा’ म्हणायचा मान यांचा. त्यामुळे सबबींना तोटा नव्हता.

मी चिडायचे. आळशी म्हणून तोंडावर बोलून मोकळी व्हायचे. पण आळशी माणूस भर उन्हात पाण्याची टाकी घासतो का? त्या दिवसांत यांनी टाकी घासली, गेटला रंग दिला, भाडेकरूचा कधीपासून गळणारा नळ बदलला. डॉक्टर सोडून सगळी कामं झाली.

पुतणीच्या हळदीला मी टोपाजवळच बसून कोशिंबिरीचा कांदा चिरत होते. कोणीतरी यांच्या हातात रश्श्याची वाटी दिली. यांनी ती ओठाला लावल्यासारखी केली आणि म्हणाले, बरोबर हाय, उतरवा. मग सगळ्यांची पाठ वळल्यावर वाटी हळूच मातीत ओतली. मी उठून रस्सा चाखला. मीठच नव्हतं. एवढं झोंबत होतं यांना, आणि आम्ही विचारलं की काय नाय म्हणायचे. आळस कसला, माणूस घाबरला होता. डॉक्टरने काही सांगेपर्यंत तो नुसता चट्टाच राहणार होता ना. मी गुपचूप मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी मी भांडले नाही. कामोठ्याला काम आहे, सोबत चला म्हटलं. दवाखान्यापाशी स्कूटर थांबवायला सांगितली तेव्हा यांनी असं पाहिलं की मला वाटलं, आता मला इथेच सोडून जातात.

“दाखवायचं नाय,” मी म्हणाले. “नुसतं बाकावर बसू. नको वाटलं तर उठून घरी जाऊ.”

हे बसले. पाय सारखा हलत होता. नंबर आला तेव्हा म्हटलं, तुम्ही फक्त तोंड उघडा, बोलायचं मी बघते.

तोंड पुरतं उघडेना. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, म्हणाल्या. आज जमत नसेल तर सोमवारी या. मी हळूच यांच्याकडे पाहिलं. सोमवारी मावसभावाकडे हळद होती.

यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

“आताच काढा,” हे म्हणाले. “घरी गेलो तर मी परत येनार नाय.”

आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड पुन्हा उघडलं.