गजभिये बाईंचा बुढा

"राजाच्या महालात 'काहून' कोण म्हणते? मले दाखवा, कोण म्हणते!"

हॉलच्या मागच्या दारातून आमच्या संस्थेचे अध्यक्ष गरजत आत आले आणि रंगमंचावर माझ्या हातातला लाडू खाली पडला. तो आवाज असा, की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती कामठीपर्यंत थांबली नाहीत. त्यांतली दोन अजून परतायची आहेत. गॅदरिंगच्या नाटकाची तालीम चालू होती आणि मी विदूषकाच्या वेशात होतो. शेजारी आमच्या शाळेची शिपाईण अनसूयाबाई राणीची दासी होऊन पंखा धरून उभी. नुकतीच ती राणीला म्हणाली होती, "काहून रडून राहिल्या बाईसाहेब, महाराज येतीन ना."

समोर गजभिये बाई बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. मांडीवरच्या वहीत पेन्सिलीने एक खूण केली आणि म्हणाल्या, "दासी म्हणते, साहेब. अनसूयाबाई, पुढचं वाक्य घ्या."

बाई आमच्या शाळेत संस्कृत शिकवायला आल्या त्या बहात्तरच्या जूनमध्ये. मी तिथला ड्रिल मास्तर. माझ्या शिट्टीवर इटारसीला गाड्या थांबत, पण या काडीसारख्या बाईपुढे मी पहिल्या दिवसापासून सावधान. छप्पन साली आईचं बोट धरून त्यांनी धम्म घेतला, तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. आई कन्हानला मँगनीजच्या खाणीवर दगड फोडायची. त्या घरच्या पोरीने संस्कृत घेतलं म्हणून वस्तीतल्यांनी आणि कॉलेजातल्यांनी, दोघांनीही कपाळाला हात लावला. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "घर आपलं असो नसो सर, आत काय शिजून राहिलं ते पाहावं म्हटलं."

आत त्यांना सापडला दीड हजार वर्षांपूर्वीचा एक नाटककार. त्याला त्या नुसतं 'बुढा' म्हणत, गल्लीच्या टोकाला राहत असल्यासारखं. घासलेटच्या रांगेत दुकानातला माणूस "आज नाही" म्हणाला की बाई मला सांगत, "हा बुढ्याचा द्वारपाल. राजा आत घोरून राहिला असते आणि हा सांगते, महाराज कामात आहेत." सीताबर्डीच्या स्टॉपवर बस येईना आणि मी चरफडू लागलो, तर म्हणाल्या, "नायिका तीन अंक वाट पाहते. तुमचा तर अजून पडदाही उघडला नाही." आणि माझ्याविषयी: "बुढ्याच्या नाटकात राजाचा एक मित्र असते. ब्राह्मण असते, घाबरट असते, सदा जेवणाचंच बोलते. तुम्हाला काही सोंग घ्यायला नको." त्या दिवशी मी एका लग्नात सोळा गुलाबजाम खाऊन आलो होतो. लोक चाळीस सांगतात. मी वाद घालत नाही.

तर ते गॅदरिंगचं नाटक. बुढ्याचं नाटक बाईंनी स्वतः मराठीत आणलं होतं. जुनी रीत अशी, की राजा आणि पंडित तेवढे संस्कृत बोलणार. राणी, दासी, पहारेकरी आणि ब्राह्मण असूनही विदूषक, हे सारे लोकांच्या बोलीत. बाईंनी रीत पाळली. राजा झालेल्या गणिताच्या सरांना पुस्तकी, अलंकारिक मराठी दिली आणि आम्हा बाकीच्यांना घरची.

"बोली बदला," अध्यक्ष म्हणाले. "पाहुणे येऊन राहिले मोठे मोठे. शाळेची इज्जत आहे का नाही?"

"बुढ्यानं दोन्ही भाषा एका मंचावर उभ्या केल्या, साहेब. मी एकीला खाली कशी बसवू?"

"तुमचा कायमचा कागद माझ्याकडे आहे, बाई. सही मी करतो."

बाईंची नोकरी दोन वर्षं तात्पुरती होती आणि त्या सहीवरच पुढचं सारं होतं. बाईंनी वही मिटली. "माझी माय येऊन राहिली नाटकाला. सहा वर्षं मी काय वाचत होते, तिले आजवर माहीत नाही. तिले समजलं पाहिजे. सही तुमची आहे, साहेब. वाक्य बुढ्याचं आहे."

दुसऱ्या दिवसापासून हॉलला कुलूप. बाईंनी तालीम माझ्या ड्रिलच्या मैदानावर हलवली. मी त्यांना समजवायला गेलो, "चार वाक्यं तर आहेत बाई. बदलून टाका. नोकरी मोठी." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "विदूषकाचा सल्ला राजासाठी असते, सर. मले नाही." तीन आठवडे धुळीत, थंडीत आणि कवायतीच्या 'एक-दोन'मध्ये नाटक उभं राहिलं.

पत्रिका छापून वाटल्या होत्या, म्हणून गॅदरिंगच्या दिवशी हॉल उघडावाच लागला. बाईंनी स्वतः एक खुर्ची उचलून पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या अगदी शेजारी ठेवली आणि तिच्यावर धुवट पांढऱ्या लुगड्यातल्या आपल्या मायला बसवलं. तिचं ते आयुष्यातलं पहिलंच हॉलमधलं नाटक. तिला नाटक माहीत होतं ते गावातल्या दंडारीचं. तिथे नटाने विचारलं की लोकांनी सांगायचं, असा रिवाज. दुसऱ्या अंकात अनसूयाबाई कपाळावर हात ठेवून म्हणाली, "आता कुठं शोधू वं मी राजाले?"

माय खुर्चीतून उठली. "त्या झाडामागं पाह्य वं बाई. केव्हाचा लपून राहिला तिथं."

हॉल हसून हसून असा हलला की पंख्यांची पाती वाकडी झाली. अनसूयाबाई मात्र आमच्या मैदानावर घडलेली. "दिसला वं माय," म्हणाली, आणि एक पानभर आधीच गणिताच्या सरांना मुकुटासकट कार्डबोर्डच्या झाडामागून ओढून काढलं. सर गांगरले आणि त्यांनी शेवटच्या अंकातलं लांबलचक भाषण तिथेच म्हणून टाकलं. मी भुकेच्या तीन तक्रारी जास्तीच्या घातल्या, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. विंगेत बाई वही छातीशी धरून उभ्या होत्या. त्या वहीत पाहत नव्हत्या, मायकडे पाहत होत्या.

सही झाली नाही. बाईंनी मागितलीही नाही. जूनमध्ये त्या पत्र्याची पेटी घेऊन खापरखेड्याच्या कॉलनीतल्या शाळेत गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथल्या बायाबापड्यांकडून बुढा वदवून घेत राहिल्या. विदूषकाला दर वर्षी बोलावणं असे. मी बसने जाई आणि जेवूनच येई.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. पडदा पडला तेव्हा अध्यक्षांनी पाहुण्यांकडे एकदा पाहून घेतलं, मग मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं मायला विचारलं, "काय आजी, एवढं मोठं जुनं नाटक. समजलं का काही?"

बाई पडद्याच्या कडेला थांबल्या. मायने पदर नीट केला आणि जरा विचार केला.

"सारं समजलं," ती म्हणाली. "तो राजा तेवढा काय बोलून राहिला होता, ते नाही समजलं. नवा आहे का?"