काना-मात्रा न बदलणारी मावशी

सिडकोत लग्न ठरलं की आधी हॉल, मग केटरर आणि मग आमची शकूमावशी. तिनं रचलेली, तिनंच म्हटलेली मंगलाष्टकं नसतील तर लग्न लागतं, पण लागल्यासारखं वाटत नाही, असं ती स्वतःच सांगते. तिचा नियम एकच: एकदा लिहिलं की काना-मात्रा बदलायचा नाही. हा नियम तिनं आजवर कधीच पाळलेला नाही. नांदगावच्या एका लग्नात तर तिनं नवरदेवाचा नवा ट्रॅक्टरही ऐनवेळी वृत्तात बसवून दिला होता.

यंदा शेजारच्या रोशनीचं लग्न होतं. तिची आई गोजराबाई गेल्या दिवाळीनंतर वारली. मावशीची ती जिवाभावाची मैत्रीण. तिच्यासाठी मावशीनं ओळ लिहिली: ‘आईचे भरले पिठात कर ते, येतील माथ्यावरी.’ वाचून दाखवताना मावशी रडली, रोशनी रडली. मीही रडले, आणि मी उगाच रडणारी बाई नाही.

मग मंगलाष्टकं व्हॉट्सअ‍ॅपवर गेली आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांत अचानक साहित्यिक जागे झाले. कळवणच्या आत्याला आपलं नाव मामीच्या आधी हवं होतं. नवरदेवाचे काका निवृत्तीराव यांना स्वतःसाठी अख्खं कडवं हवं होतं, शिवाय शुभकार्यात मेलेल्या माणसाची आठवण नको होती. मावशीनं लगेच आईची ओळ काढली आणि तिथे काकांना बसवलं.

रोशनी तिच्याकडे गेली. “मावशी, आईची ओळ तेवढी राहू द्या.”

मावशीला नेमका तेव्हा नियम आठवला. “आता फायनल झालंय, बाळा. काना-मात्रा बदलणार नाही मी.”

ज्याच्यामागे कुणी नाही, त्याच्यापुढे कलावंताचा कणा फार ताठ होतो.

लग्नात अंतरपाट धरला. काकांचं कडवं आलं, तेव्हा काका मोबाईलवर स्वतःचंच शूटिंग करत होते. आता मावशी ‘सावधान’ म्हणणार, एवढ्यात रोशनीनं हात लांब करून तिच्याकडून माईक घेतला आणि आईची ओळ म्हटली. चाल चुकली, आवाज फाटला. काकांचा मोबाईल खाली आला. ‘शुभमंगल सावधान’ही तिनंच म्हटलं, आणि मग अक्षता पडल्या.

त्या ओळीबद्दल लोक अजून बोलतात. मावशी ऐटीत सांगते, ओळ माझीच आहे.

परवा हळदीकुंकवाला मी सगळ्यांसमोर विचारलं, “आणि काढली कुणी होती?”

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.