पासवर्डची ओळ

"जरा भिंतीकडं बघा."

साहेब हे लई आदरानं म्हणायचे. अहो-जाहो करून. मी खुर्ची फिरवायचो आणि बँकेच्या कॅलेंडरकडं बघत बसायचो. पाठीमागं त्यांची बोटं माझ्या कीबोर्डवर टकटक वाजायची.

उस्मानपुऱ्यातलं आमचं ऑफिस शाळा-कॉलेजांसाठी सॉफ्टवेअर बनवतं. मुलांची नावं, मार्क, सगळं डेटाबेसमध्ये. सॉफ्टवेअर त्याला जोडायचं तर दर शाळेसाठी एक छोटी फाइल लिहावी लागते. सर्व्हर कुठला, पोर्ट कोणता, डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड. पाच ओळी. चार मी लिहायचो, पाचवी साहेब. का? पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कोणत्या बाजूला. मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले. त्याला नऊ वर्षं झाली.

आता गंमत ऐका. त्या फाइलीत पासवर्ड उघडाच असतो, जसाच्या तसा. टाइप करताना साहेबांकडून शेवटी एक मोकळी जागा पडायची, आणि जोडणी व्हायची नाही. ते केबिनमध्ये गेले की फाइल उघडून ती जागा मीच पुसायचो. म्हणजे पासवर्ड मला पहिल्या दिवसापासून पाठ. तरी नऊ वर्षं मी भिंत बघितली. असा हुशार माणूस. घरात माझ्या हुशारीविषयी लई गैरसमज आहेत, ते मी जपून ठेवलेत.

बोललो नाही, कारण बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, तुम्ही बघितलाच कसा? सगळ्यांचं काम एकाच युजरच्या नावानं चालायचं. उद्या कुणाचा मार्क बदललेला सापडला, तर कुणी बदलला हे कळायला मार्ग नाही. आधी बोट कुणाकडं जाईल, ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात एक मुलगी नोकरीला लागली. साहेबांच्या नात्यातली. माझ्या शेजारीच बसते, स्वभावानं चांगली आहे. साहेब पासवर्ड टाकायला आले, मी वळलो. ती स्क्रीनकडं बघत होती. तिला कुणी काही म्हणालं नाही. मी म्हटलं, विसरले असतील. पुढच्या वेळीही विसरले.

त्याच रविवारी मुकुंदवाडीला घरी बायको माझ्या शेजारी बसून मोबाइलचा पिन टाकत होती. माझी मान आपोआप भिंतीकडं वळली.

"अहो, मी हाय," ती म्हणाली. "तिकडं काय बघताय?"

आमची लेक हसली. मीही हसलो. बायकोनं विचारलं, ही कुठली नवी सवय? तेव्हा पहिल्यांदा घरात सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण आत्ता तर तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं."

जेवण गेलं नाही मला.

सोमवारी साहेब आले, म्हणाले, जरा भिंतीकडं बघा. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. शूर माणूस असा बसतो.

"नाही बघणार," मी म्हणालो. "पासवर्ड फाइलीत दिसतो, सर. मी नऊ वर्षं बघतोय. मला माझ्या नावाचा वेगळा युजर द्या. मी केलेलं माझ्या नावावर दिसू द्या. दुसऱ्यानं केलेलं त्याच्या."

शेजारची मुलगी खाली बघायला लागली. साहेब हसले. "एवढं मनाला लावून घेऊ नका हो. तुम्ही आमच्या घरातलेच."

त्यांचं घर मी अजून पाहिलेलं नाही.

तेव्हापासून ते माझ्यासाठी रोज चहा मागवतात. मी पितो, आणि प्रत्येक घोटाला विचार करतो, हा कशासाठी? युजर काही मिळालेला नाही. मागणी मी लेखी दिली, शिक्क्यानिशी पोच घेतली. युजर मिळेपर्यंत एकही फाइल लिहिणार नाही, हेही त्यात लिहिलंय. या वयात दुसरी नोकरी कोण देतंय, ते मला कळतं. बायकोलाही कळतं. आमचं बोलून झालंय.

काढायचं तर काढा. पण कारण कागदावर लिहा, आणि खाली सही करा.