नामपूर सोडलं म्हणून?

रविवारी दुपारी आमच्या इंदिरानगरच्या घरी आई मेथी निवडत बसली होती. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, एकेक काडी उचलून परत ढिगातच टाकत होते... त्यांना अल्झायमर होऊन आता चार वर्षं झाली.

माझी लेक सई पुण्यात संशोधन करते, मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींवर. दोन दिवस सुट्टीवर आली होती. मेथी निवडता निवडता आईने तिला विचारलं, "काय गं, माणसाला त्याच्या गावातून उठवून आणलं की होतो का हा आजार?"

 आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोघांना नामपूरहून इकडे आणलं आणि वर्षभरात अण्णा विसरायला लागले. तेव्हापासून ही बाई हे मनात घेऊन त्यांची आंघोळ, जेवण, औषधं सांभाळत होती... आम्हाला एका शब्दाने बोलली नाही.

सई तिच्याजवळ जाऊन बसली. "आजी, या पेशी मेंदूची राखण करतात, कचराही उचलतात. त्यांच्यातली कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद, यावर त्यांचं काम ठरतं. या आजारात ते चालू-बंद बदलतं. काही पेशी सफाई नीट करत नाहीत, उलट सूज वाढवतात. का, ते पूर्ण कळलेलं नाही अजून. पण मेंदूतले बदल विसरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात. तुम्ही नामपुरात होतात तेव्हाच. नव्या घरात ते फक्त आपल्याला दिसलं."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही गं आजी."

आईने पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडायला लागली. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा रडली नव्हती ती...

अण्णांची चुळबुळ सुरू झाली. हल्ली दिवस दिवस ते बोलत नाहीत. पण सरकत सरकत तिच्याजवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गावाकडच्या अहिराणीत म्हणाले, "कसाले रडस? मी शे ना." म्हणजे, कशाला रडतेस, मी आहे ना.

पाच मिनिटांनी त्यांनीच मला हळूच विचारलं, या बाई कोण? आई रडता रडता हसली.

सईच्या अभ्यासाने अण्णा बरे होतील की नाही, माहीत नाही. तीही तसं कधी म्हणत नाही. पण परवा माझी आई मात्र थोडी बरी झाली... पोरी, तेवढ्यासाठी तुझे खूप आभार.